तो खरंच प्लेग होता का? १९९४ ची साथ आणि डीएनएचा उशिरा आलेला पुरावा



जुलै लागला की आमच्या मिरजोळ्यात तापाकडे बघायची नजरच बदलते. एरवी "दोन दिवस काढा घेऊन बघू" म्हणणारी माणसं लावणीच्या दिवसांत मात्र लगेच सांगतात, "लेप्टोची टेस्ट करून ये." दिवसभर चिखलात उभं राहायचं, पायाला कुठेतरी खरचटलेलं, आणि त्याच पाण्यात रात्री उंदीर फिरून गेलेले. कोकणातल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

गेल्या महिन्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातल्या दोघीजणी भेटायला आल्या होत्या. पुढे पीएच.डी. करायची, विषय शोधतायत. बोलता बोलता एक म्हणाली, "ताई, आता पीसीआर आहे म्हटल्यावर निदानात वाद कसला उरतो? बँड आला तर जंतू आहे, नाही आला तर नाही." मीसुद्धा तिच्या वयाची असताना अगदी हेच म्हणत होते. तेव्हा तिला उत्तर देण्याऐवजी मी एक गोष्ट सांगितली. तीच आज इथे जरा सविस्तर लिहितेय. गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात, बीड जिल्ह्यातल्या एका गावात सुरू होते, आणि तिचा निकाल लागायला पुढची कित्येक वर्षं जातात.

आधी थोडं मागे : १८९४ ते १९६६

प्लेगचा जीवाणू अलेक्झांडर यर्सिनने जून १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला. त्याच्या नावावरूनच आज आपण त्याला यर्सिनिया पेस्टिस म्हणतो. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. त्यानंतरचं तुम्हाला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. पुण्यात साथ आली, रँडचे झडतीवाले शिपाई आले, रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंबईत हाफकिन यांनी लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच प्लेग प्रयोगशाळेतून उभी राहिली. पुढच्या काही दशकांत या रोगाने देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली.

आपल्या विषयासाठी यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळात निदान म्हणजे डोळ्यांनी बघणं. काखेत किंवा जांघेत आलेल्या गाठीतला द्राव काढायचा, काचपट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. प्लेगच्या जीवाणूची दोन्ही टोकं गडद दिसतात आणि मधला भाग फिका, म्हणजे बंद सेफ्टी पिनसारखा. मग कल्चर करायचं, प्राण्याला टोचून बघायचं. वेळ लागायचा, पण दर आठवड्याला प्लेगच्या पट्ट्या बघणारी माणसं त्या प्रयोगशाळांमध्ये होती. त्यांची नजर बसलेली होती.

मग रोग ओसरला. भारतात प्रयोगशाळेने सिद्ध केलेला शेवटचा मानवी रुग्ण १९६६ साली कर्नाटकात, कोलार जिल्ह्यातल्या मुळबागलमध्ये सापडला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं शांतता. एखादा रोग अठ्ठावीस वर्षं दिसत नाही, तेव्हा त्याच्यासोबत त्याला ओळखणारी नजरही जाते. १९९४ मध्ये वॉर्डात उभ्या असलेल्या बहुतेक तरुण डॉक्टरांनी प्लेग फक्त पुस्तकात वाचलेला होता.

मामला, जिल्हा बीड

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांत गावंच्या गावं पडली. बीड हा शेजारचा जिल्हा. भूकंपाने जमिनीखालची बिळं मोडली, रानातले उंदीर वस्तीकडे सरकले, आणि पडक्या घरांत साठवलेल्या धान्यावर घरचे उंदीर वाढले, असं स्पष्टीकरण पुढे अनेकांनी मांडलं. ऐकायला ते पटतं. पण हे स्पष्टीकरण आहे, सिद्ध केलेली साखळी नाही, हे वहीत वेगळं लिहून ठेवा.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा त्रास सुरू झाला आणि उंदीर पडू लागले. "उंदीर पडले" हे दोन शब्द आपल्या पणजी-आजीच्या पिढीला पुरेसे होते. घर सोडून शेतात झोपडी बांधायची, एवढाच त्याचा अर्थ. कारण उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा दुसरं रक्त शोधतात, म्हणजे माणसाचं. ऑगस्टअखेरीस गावात ताप आणि गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. लक्षणं गाठीच्या प्लेगशी जुळत होती आणि बऱ्याच जणांच्या रक्तात प्लेगविरोधी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, सापडली.

सुरत

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, गणेशविसर्जनाच्या सुमारास, सुरतमध्ये माणसं दगावू लागली. तिथलं चित्र वेगळं होतं. गाठी नाहीत, तर तीव्र ताप, खोकला, थुंकीतून रक्त आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू. म्हणजे फुप्फुसाचा प्लेग, जो उंदीर-पिसवांची मध्यस्थी न घेता खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. वेळेवर प्रतिजैविक मिळालं नाही तर त्यातून वाचणं जवळजवळ अशक्य. काही दिवस आधीच तापीला पूर आलेला, वस्त्यांत चिखल आणि मेलेली जनावरं. यंत्रमाग आणि हिरे-उद्योगात काम करणारे परगावचे मजूर अशाच वस्त्यांत राहत होते. त्यात आपले खानदेश-मराठवाड्याकडचेही होते.

बातमी फुटली आणि लाखो लोकांनी सुरत सोडली. जो तो रेल्वे, एसटी, ट्रक, मिळेल त्याने आपापल्या गावी. टेट्रासायक्लिन दुकानांतून संपलं. लोकांनी लक्षणं नसतानाही गोळ्या घेतल्या, सरकारनेही वाटल्या. आखाती देशांनी विमानं बंद केली, निर्यात अडकली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत १९९४ साली भारताच्या नावापुढे प्लेगचे ८७६ रुग्ण आणि ५४ मृत्यू लिहिलेले आहेत.

आणि याच वेळी देशातल्या आणि बाहेरच्या शास्त्रज्ञांमध्ये प्रश्न सुरू झाला : हा खरंच प्लेग आहे का?

शंका का आली?

हा प्रश्न विचारणारी माणसं खोडसाळ नव्हती. त्यांची कारणं नीट बघा, कारण उद्या तुमच्या व्हायव्हामध्ये समोरचे परीक्षक अशाच प्रकारचे प्रश्न विचारणार आहेत.

पहिलं कारण रोगाच्या वागण्याचं. फुप्फुसाचा प्लेग असेल तर रुग्णाच्या घरातली माणसं, शेजारी, वॉर्डातल्या नर्स यांच्यात तो पसरायला हवा. सुरतेत तसं फारसं झालं नाही. लाखो लोक देशभर पांगले, तरी त्यांच्या गावांत साथी पेटल्या नाहीत.

दुसरं कारण कल्चरचं. प्लेगचा जीवाणू २८ अंश सेल्सिअसच्या आसपास चांगला वाढतो आणि सावकाश वाढतो. बहुतेक वसाहती दुसऱ्या दिवशी कुठे नीट दिसू लागतात. थुंकीच्या नमुन्यात तोंडातले इतर जीवाणू त्याच्या कितीतरी आधी प्लेट व्यापून टाकतात. आणि रुग्णाने आधीच टेट्रासायक्लिन घेतलेलं असेल तर वाढायला जिवंत जीवाणूच उरत नाही. म्हणजे ज्या औषधाने जीव वाचवले, त्याच औषधाने पुरावा पुसला. औषध द्यायलाच हवं होतं, यात वाद नाही. पण पहिली गोळी देण्याआधी घेतलेला नमुना फार थोड्यांचा होता.

तिसरं कारण अँटिबॉडीजचं. प्लेगची रक्ततपासणी पक्की धरायची तर दोन नमुने लागतात : एक आजाराच्या सुरुवातीला, दुसरा काही दिवसांनी. दोन्हींमध्ये अँटिबॉडीची पातळी किमान चौपट वाढलेली दिसायला हवी. एकच नमुना पॉझिटिव्ह आला तर तो 'संशयाला बळ' एवढंच सांगतो. १९९४ मध्ये बहुतेकांचा एकच नमुना होता. दुसऱ्या नमुन्याच्या वेळेला रुग्ण गावी निघून गेलेला.

मग पर्याय सुचवले गेले. मेलिऑयडोसिस असेल, हंताव्हायरस असेल, किंवा पूर ओसरल्यावर येणारा लेप्टोस्पायरोसिस असेल. हो, आपला लेप्टोच! त्यातही फुप्फुसात रक्तस्राव होऊन माणूस झपाट्याने जाऊ शकतो. कोकणातल्या कुणालाही ही शंका वेडेपणाची वाटणार नाही.

तेव्हा पीसीआर नव्हतं का?

होतं, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. कॅरी मलिसला पीसीआरची कल्पना १९८३ मध्ये सुचली, पहिला पेपर १९८५ चा. गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जीवाणूचं टॅक एन्झाइम वापरून १९८८ पर्यंत पद्धत सोपी झाली आणि १९९३ मध्ये मलिसला नोबेल मिळालं. त्याच १९९३ मध्ये हिनेबुश आणि श्वान या अमेरिकेतल्या दोघांनी पिसवांमधला प्लेगचा जीवाणू पीसीआरने ओळखायची पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे मामल्यात उंदीर पडले त्याच्या वर्षभर आधी प्रायमरचा क्रम छापून आलेला होता.

पण छापलेला प्रायमर आणि बीडच्या रुग्णालयात चालणारी टेस्ट यात फार मोठं अंतर असतं. थर्मल सायक्लर मोजक्या संस्थांत. एन्झाइम आयात करायचं, तेही बर्फात. नमुना कुणी घ्यायचा, कशात घ्यायचा, कुठे पाठवायचा, याची ठरलेली पद्धत नाही. आज हे वाचताना आपल्याला गंमत वाटेल, पण २०२० चा एप्रिल आठवा. आपल्या रत्नागिरीचे कोरोनाचे स्वॅब आंबा घाट चढून मिरजेला जात होते आणि रिपोर्टची वाट बघत घरंच्या घरं बसलेली असायची. जूनमध्ये रत्नागिरीतच लॅब सुरू झाली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पद्धत माहीत असणं आणि पद्धत आपल्या दारात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डीएनएने काय सांगितलं

इथे थोडं तांत्रिक बोलू. घाबरू नका, हे समजलं तर उरलेली गोष्ट सोपी आहे.

प्लेगच्या जीवाणूकडे मुख्य गुणसूत्राशिवाय साधारण तीन प्लास्मिड असतात, म्हणजे डीएनएची छोटी गोल वर्तुळं. यातलं एक त्याच्या जवळच्या नातेवाइकाकडे, यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसकडेही असतं. उरलेली दोन ही प्लेगची खास ओळख. सगळ्यात लहान वर्तुळावर 'प्ला' नावाचा जीन आहे, जो जीवाणूला शरीरात पसरायला मदत करतो. मोठ्या वर्तुळावर 'कॅफ-१' जीन आहे, ज्यातून जीवाणूभोवतीचं एफ-१ नावाचं आवरण बनतं. प्लेगचं पीसीआर करायचं तर हे दोन जीन शोधतात.

१९९४ च्या साथीतले थोडे का होईना, जीवाणू वेगळे करून जपले गेले होते. प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या तांत्रिक समितीने १९९५ मध्ये, हा प्लेगच होता, असा निष्कर्ष दिला. १९९६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दिल्लीच्या एम्समधले एस. के. पांडा आणि सहकाऱ्यांचा पेपर आला : सुरत आणि बीडच्या जीवाणूंचं रेण्वीय निदान आणि वर्णन. आणि २००० साली हैदराबादच्या सीसीएमबीमधले एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी १६एस आरडीएनएचं सिक्वेन्सिंग आणि आरएपीडी नावाची डीएनए-ठशांची पद्धत वापरून सांगितलं की साथीतले हे जीवाणू यर्सिनिया पेस्टिसच आहेत.

१९९४ चा प्रश्न, २००० चं उत्तर. सहा वर्षं.

आता तुम्ही संशोधक आहात, तर नुसतं 'सिद्ध झालं' म्हणून पुढे जाऊ नका. प्रत्येक पद्धत काय सांगू शकते आणि काय नाही, ते बघा.

१६एस हा जीन जवळपास सगळ्या जीवाणूंत असतो आणि फार सावकाश बदलतो. म्हणून 'हा कोणत्या घराण्यातला?' हे विचारायला तो उत्तम. सुरतचा जीवाणू मेलिऑयडोसिसचा आहे की लेप्टोचा की यर्सिनियाचा, याचा निकाल तो एका फटक्यात लावतो, कारण ही तिन्ही घराणी एकमेकांपासून खूप दूर आहेत. हंताव्हायरस तर विषाणूच, त्याच्यात हा जीनच नसतो. पण प्लेगचा जीवाणू आणि स्यूडोट्यूबरक्युलोसिस यांच्यात १६एस जवळजवळ सारखाच असतो. मार्क आक्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं की प्लेगचा जीवाणू हा स्यूडोट्यूबरक्युलोसिसमधून अलीकडेच, म्हणजे साधारण दीड ते वीस हजार वर्षांपूर्वी, फुटलेली फांदी आहे. इतक्या कमी काळात १६एस बदलायला वेळच मिळालेला नाही. त्यामुळे या दोन भावंडांत फरक करायला १६एस एकटा पुरत नाही, प्लास्मिडवरचे जीन किंवा दुसऱ्या कसोट्या सोबत लागतात. एकाच पद्धतीवर विसंबून न राहता वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या बाजूंनी तोच प्रश्न तपासला, म्हणून निष्कर्षाला वजन आलं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. या सगळ्या तपासण्या जपून ठेवलेल्या जीवाणूंच्या होत्या. त्यांनी सांगितलं की नळीत आहे तो प्लेगचा जीवाणू आहे, आणि तो सुरत-बीडमधून आला आहे. पण सुरतेत तापाने गेलेल्या प्रत्येक माणसाला प्लेगच झाला होता का? ज्यांचा नमुनाच घेतला गेला नाही, त्यांच्याबद्दल कुठलाही डीएनए काही सांगू शकत नाही. 'साथीत प्लेग होता' आणि 'साथीतला प्रत्येक ताप प्लेगचा होता' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याला भक्कम पुरावा आहे. दुसऱ्याचा पुरावा सप्टेंबर १९९४ मध्येच निसटून गेला, आणि आज कितीही महागडं यंत्र आणलं तरी तो परत येणार नाही.

आठ वर्षांनी, हिमाचलमध्ये

हाच देश, हाच रोग, पण २००२. फेब्रुवारीत शिमला जिल्ह्यातल्या हाटकोटी परिसरात फुप्फुसाच्या आजाराने माणसं गेली. पहिला रुग्ण शिकारी होता. त्याने जंगलात एक रानमांजर मारून सोललं होतं. एकूण १६ रुग्ण, ४ मृत्यू. यावेळी नमुने वेळेत घेतले गेले, कल्चर झालं, प्ला आणि एफ-१ चे जीन पीसीआरने शोधले गेले, आणि तो प्लेग आहे हे साथ चालू असतानाच कळलं. संपर्कातल्या लोकांना औषधं मिळाली, साथ तिथेच थांबली. सहा वर्षं वाद चालला नाही.

मधल्या काळात काय बदललं होतं? यंत्रं आली होती, हे खरंच. २००१ मध्ये प्लेगच्या जीवाणूचा संपूर्ण जीनोमही छापून आला होता. पण मला वाटतं, जास्त फरक पडला तो १९९४ मध्ये पोळलेल्या यंत्रणेमुळे. संशय आला की आधी नमुना, मग गोळी, आणि नमुना कुठे जाणार हे आधीच ठरलेलं.

उलटी चूकही होते

आता दुसऱ्या टोकाची गोष्ट. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतला डीएनए तपासणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टेशनांचे दांडे, बाकडी, तिकीटयंत्रं, सगळीकडून नमुने घेतले होते. सापडलेल्या डीएनएत प्लेग आणि अँथ्रॅक्सच्या जीवाणूंशी जुळणारे तुकडे आहेत, असं त्यात म्हटलं होतं. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? शहराच्या आरोग्य खात्याने आक्षेप घेतला आणि काही महिन्यांत लेखकांनीच पेपरमध्ये दुरुस्ती करून सांगितलं, की हे जीवाणू तिथे खरोखर आहेत असा भक्कम पुरावा नाही. जुळलेले तुकडे प्लेगच्या निरुपद्रवी नातेवाइकांकडेही असू शकतात. मोठ्या प्लास्मिडशी जुळणारे तुकडे मिळाले होते, पण प्ला जीन सापडला नव्हता.

"मग प्ला सापडला असता तर?" असं तुम्ही विचाराल. त्याच २०१५ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की प्लाशी जवळजवळ सारखा जीन इतर काही जीवाणूंमध्येही असतो आणि प्लेग नसलेल्या उंदरांच्या नमुन्यांतही तो पीसीआरमध्ये वर येऊ शकतो. म्हणजे वीस वर्षं ज्याला आपण प्लेगची सही समजत होतो, ती सही दुसरे जीवाणूही करत होते. म्हणून आता एकाच जीनवर निकाल देत नाहीत, दोन-तीन ठिकाणी शोधतात.

१९९४ मध्ये पुरावा कमी होता आणि शंका उरली. २०१५ मध्ये पुरावा ढिगाने होता आणि खात्री जरा जास्तच झाली. दोन्हीकडे मूळ चूक एकच : आपण कोणता प्रश्न विचारलाय आणि टेस्टने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलंय, हे न तपासणं.

परत मिरजोळ्यात

आता त्या दोघींच्या प्रश्नाकडे येऊ. लेप्टोचं उदाहरण घ्या. लेप्टोचा जीवाणू रक्तात असतो तो साधारण आजाराच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा रक्ताचं पीसीआर पॉझिटिव्ह येतं, पण अँटिबॉडी अजून तयार नसतात. दुसऱ्या आठवड्यात उलटं. जीवाणू रक्तातून जातो, मूत्रपिंडात लपतो, आणि अँटिबॉडीची टेस्ट बोलू लागते. लावणीच्या दिवसांत माणूस ताप अंगावर काढतो, "उद्या एवढं शेत उरकू, मग जाऊ" करत आठवडा घालवतो, मधे कुणीतरी दिलेल्या गोळ्या घेतो आणि मग दवाखान्यात येतो. आठव्या-नवव्या दिवशी घेतलेल्या रक्ताचं पीसीआर निगेटिव्ह आलं, तर त्याचा अर्थ 'लेप्टो नाही' असा होतो का? मामला आणि सुरतची गोष्ट वाचल्यावर याचं उत्तर तुम्हीच द्याल.

क्षयाचं घ्या. शेजारच्या गोव्यात, वेर्ण्याला, मोलबायो कंपनी ट्रूनॅट नावाचं छोटं यंत्र बनवते. बॅटरीवर चालतं, तालुक्याच्या, अगदी खेड्याच्या दवाखान्यातही ठेवता येतं, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही क्षयासाठी त्याच्या चाचण्यांना मान्यता दिली. १९९४ मध्ये जे दिल्ली-हैदराबादला जायला लागत होतं, ते आज थुंकी दिल्यावर काही तासांत गावातच कळतं. ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण तिथेही, उपचार पूर्ण झालेल्या माणसाच्या थुंकीत मेलेल्या जीवाणूंचा डीएनए बरेच दिवस मिळू शकतो. यंत्र म्हणतं 'आहे'. जिवंत आहे की मेलेला, हे ते विचारतच नाही. म्हणून बरा झाला का हे ठरवायला पुन्हा जुनं कल्चर आणि सूक्ष्मदर्शकच लागतो.

माझा स्वतःचा धडाही सांगून टाकते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी भातशेतातल्या पाण्याच्या नमुन्यांत रोगकारक लेप्टोस्पायराचा लिपएल-३२ हा जीन शोधत होते. पहिल्याच जेलवर सगळ्या नमुन्यांत सुंदर बँड! मी फोटो काढून आईला पाठवला. संध्याकाळी गाईडने फोटो बघितला आणि एकच विचारलं, "शेवटच्या लेनमध्ये काय आहे?" शेवटची लेन निगेटिव्ह कंट्रोलची होती, म्हणजे नुसतं शुद्ध पाणी. त्यातही बँड होता. माझं पाणी, टिपा किंवा टेबल, काहीतरी आधीच्या पीसीआरच्या डीएनएने माखलेलं होतं. दोन महिने सगळं पुसून, बदलून, पुन्हा करण्यात गेले. पण त्या फोटोची प्रत मी अजून टेबलासमोर चिकटवून ठेवली आहे.

तुमच्या वहीसाठी

प्रायमर ऑर्डर करायच्या आधी पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. साध्या मराठीत लिहा, इंग्रजीत लिहिलं की आपण स्वतःलाच फसवतो.

१. नमुना आजाराच्या कितव्या दिवशी घेतला? त्याआधी रुग्णाने कोणतं औषध घेतलं होतं?

२. मी शोधतेय तो जीन आणखी कुणाकडे असतो? जवळच्या नातेवाइकांत तपासला का?

३. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये काय आलं? नमुना घेण्यापासून ते जेलपर्यंत प्रत्येक पायरीचा कंट्रोल आहे का?

४. पॉझिटिव्ह आलं तर मी नेमकं कोणतं वाक्य लिहू शकते? 'डीएनए आहे', 'जीवाणू आहे', 'जिवंत आहे' आणि 'त्याच्यामुळे आजार झाला' ही चार वेगळी वाक्यं आहेत.

५. निगेटिव्ह आलं तर मी काय लिहू शकत नाही?

चौथ्या प्रश्नाचं मूळ जुनं आहे. जंतूने रोग होतो हे सिद्ध करायच्या अटी रॉबर्ट कॉखने एकोणिसाव्या शतकात घातल्या. स्टॅनली फाल्कोने १९८८ मध्ये त्या जीनच्या भाषेत नव्याने मांडल्या, आणि १९९६ मध्ये फ्रेड्रिक्स आणि रेलमन यांनी डीएनए-क्रमाच्या पुराव्यासाठी त्यांची आणखी एक आवृत्ती केली. नेट-सेटची तयारी करताना हे मुद्दे पाठ करतो आपण. पण ते पाठ करायचे मुद्दे नाहीत, आपल्यासारख्यांनी घाईत चुकीचं वाक्य लिहू नये म्हणून घातलेलं कुंपण आहे.

त्या दोघींपैकी एकीने निघताना विचारलं, "मग ताई, १९९४ मध्ये तुम्ही असता तर काय केलं असतं?" मी जरा विचार केला. थर्मल सायक्लर तर मिळाला नसताच. मी बहुतेक पहिल्या गोळीच्या आधी रक्त आणि थुंकी घेतली असती, नळीवर नाव, गाव, तारीख आणि आजाराचा दिवस नीट लिहिला असता आणि ती बर्फात ठेवून दिली असती. उत्तर सहा वर्षांनी आलं असतं तरी चाललं असतं. नळीवरचं लेबल मात्र त्याच दिवशी लागतं.

पुढच्या लेखात लेप्टोच्या कल्चरबद्दल लिहीन. एक जीवाणू वाढायला आठवडेच्या आठवडे का घेतो आणि तरी आपण त्याला का वाढवायचं, यावर. तोपर्यंत शेतात जाताना गमबूट घाला, आणि ताप अंगावर काढू नका.